सावळीरामची चाल

नवऱ्याची नक्कल करून नाव कमावलेली बाई सहसा पाहायला मिळत नाही. धोंडाबाईनं ते कमावलं होतं. पिंपळगाव बसवंतजवळ हायवे सोडून आत वळलं की द्राक्षबागांच्या मधोमध तिचं गाव आहे. तिथं कोणालाही ‘आडवी बाटलीवाली धोंडाबाई’ म्हणून विचारा, घरापर्यंत आणून सोडतील. गावातलं देशी दारूचं दुकान ठेवायचं की हटवायचं यावर बायकांचं मतदान झालं होतं. चिठ्ठीवर एक उभी बाटली, एक आडवी. उभीवर शिक्का मारला की दुकान राहणार, आडवीवर मारला की जाणार. आडवी जिंकली, आणि ती धोंडाबाईच्या जिवावर जिंकली हे दुकानदारसुद्धा कबूल करायचा.

भाषण तिला येत नव्हतं. माईक हातात आला की ‘मायबहिणींनो’च्या पुढं तिचं घोडं अडायचं. मग तिनं स्वतःची एक तऱ्हा काढली. पदर कमरेला खोचायचा, पाय फाकवायचे आणि स्टेजच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आपला मेलेला नवरा चालून दाखवायचा. एक हात भिंत शोधत हवेत. पाऊल टाकायचं एकीकडे, पडायचं भलतीकडे. दर दोनचार पावलांनी डाव्या अंगाला झोक. मग ती तांब्या उचलायला जायची. हात तांब्याच्या पुढं निघून जायचा, चाचपडत मागं यायचा, आणि ओठापर्यंत येता येता निम्मं पाणी छातीवर सांडायचं. “धों... डे... पा... णी,” असे शब्दांचे तुकडे पडायचे. बायका हसून हसून एकमेकींच्या अंगावर कलंडायच्या. हसू ऐन भरात आलं की धोंडाबाई एकदम ताठ उभी राहायची आणि म्हणायची, “असे हे एक दिवस पाटात गेले. माझ्या कुंकवाला बाटलीनं खाल्लं.” मांडवात सामसूम व्हायची. पुढं वेगळं सांगायची गरज पडत नसे.

निफाड, दिंडोरी, चांदवड, जिथं दारूबंदीचा विषय निघेल तिथून तिला बोलावणं यायचं. न्यायला जीप, परत येताना शाल आणि नारळ. सोबत शेजारची चिमणाबाई, चळवळीतली तिची जोडीदारीण. दारुड्याची बायको म्हणून जिला एकेकाळी हळदीकुंकवाचं आमंत्रणही उशिरा मिळायचं, तिला आता तहसीलदार खुर्ची द्यायचे. एवढा मान कोणाला नको असतो?

तर हा तिचा नवरा, सावळीराम. द्राक्षबागेच्या मांडवाच्या तारा ओढण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. उन्हातान्हात खांबावर चढून तार अशी ताणायचा की बागेच्या तोंडाशी उभं राहिलं तर शेवटच्या खांबापर्यंत नजर सुतात जावी. चाळिशी ओलांडली आणि हा माणूस शिडीवरून पडायला लागला. आधी एकदा, मग वरचेवर. चालताना अडखळू लागला, बोलणं जड झालं. बागाईतदार म्हणाले, घेतो. गाव म्हणालं, घेतो. धोंडाबाई भांडली, रडली, पोराची शपथ घातली. सावळीराम एकच म्हणायचा, “धोंडे, म्या घेतली नाय. तोंडाचा वास घे.”

तिनं वास कधी घेतला नाही. रागावलेली बाई नवऱ्याच्या तोंडाजवळ कशाला जाईल? शेवटी शेवटी तो दुकानाच्या बाकावर बसलेलाही लोकांनी पाहिला होता. “सगळे म्हणत्यातच, तर घेऊन बघितली,” असं तो चिमणाबाईच्या नवऱ्याला म्हणाला होता. धोंडाबाईला तेवढं पुरे झालं. एका संध्याकाळी तिनं दाराला आतून कडी घातली आणि ओरडून सांगितलं, “शुद्धीत या, मग घरात या.” तो ओट्यावरून उठला, पाटाच्या कडेकडेनं निघाला आणि पाटात पडला. पाण्याला तेव्हा ओढ होती.

त्यांचा मुलगा झुंबर तेव्हा शाळेत होता. धोंडाबाईनं त्याला असा वाढवला की पोरगा सुपारीच्या खांडालाही शिवला नाही. मोठा झाल्यावर एका पॅकहाऊसच्या टेम्पोवर ड्रायव्हर म्हणून लागला. बागेतून द्राक्षांचे क्रेट पॅकहाऊसला आणायचे. माल दबला की भाव गेला, म्हणून झुंबर खड्ड्यातूनही टेम्पो असा काढायचा की मण्याला मणी लागू नये. सगळे बागाईतदार ‘झुंबरच पाठवा’ म्हणायचे. बायको भाग्यश्री कामसू, मुलगी वेदिका हुशार, नाशिकला होस्टेलवर राहून कॉलेज करणारी. धोंडाबाईच्या मते आपला संसार मार्गी लागला होता.

आणि मग, चाळिशीतच, झुंबरनं कोल्ड स्टोरेजच्या फाटकाला टेम्पो घासला.

एखाद्या वेळी कोणाचंही होतं. पण आठवडाभरात पुन्हा घासला. मग बशीतला चहा सांडायला लागला. मग पायऱ्या उतरताना तो कठड्याला धरू लागला. मालकानं किल्ली काढून घेतली आणि क्रेट रचायला लावलं. क्रेटची थप्पी अंगावर घेऊन पडला तेव्हा मालकानं सगळ्यांसमोर सांगितलं, “झुंबर, उतरल्यावर ये.” घरी तो चालतच आला, आणि त्याला येताना धोंडाबाईनं ओट्यावरून पाहिलं. पाय फाकलेले, एक हात कुंपणाकडं गेलेला. ती चाल तिला दुसऱ्या कोणी ओळखून द्यायची गरज नव्हती.

“आलं बापाचं रक्त वर,” ती म्हणाली.

या वेळी मात्र तिनं वास घेतला. रोज संध्याकाळी कर्त्या पोराला समोर उभं करून ती म्हणायची, “हा कर.” झुंबर खाली मान घालून ‘हा’ करायचा. वास येत नसे. तुम्हीआम्ही म्हणालो असतो, नाही येत म्हणजे घेतली नाही. पण चिमणाबाईच्या भाच्यानं तिला सांगितलं होतं की आताची इंग्लिश दारू अशी असते की वासच येत नाही. झालं. जितका वास कमी, तितका धोंडाबाईचा संशय जास्त.

मग तिनं त्याला माळ घालायला लावली. गळ्यात तुळशीची माळ पडली की माणूस मांसमच्छी आणि दारू दोन्हीपासून लांब राहतो, ही आपल्याकडची रीत. झुंबरनं मुकाट्यानं घातली. तो म्हणाला, “आई, म्या पीतच नाय तर सोडू काय? पण तुझं समाधान होत असंल तर घाल.” त्यानं झालं ते उलटंच. आधी लोक म्हणायचे झुंबर पितो. आता म्हणायला लागले, माळ घालून पितो. पिणाऱ्याला आपल्याकडं एक वेळ माफी आहे, माळ घालून पिणाऱ्याला अजिबात नाही. हरिपाठाला बसला तर शेजारचा सरकून बसू लागला.

बाजाराच्या दिवशी चौकात व्हायचं ते झालं. झुंबर भाजीची पिशवी घेऊन येत होता, झोक गेला आणि तो कांद्याच्या ढिगावर आडवा झाला. पोरं हसली. कोणीतरी म्हणालं, “आडवी बाटली!” धोंडाबाई तिथंच होती. ती गर्दीतून पुढं आली आणि तिनं पोराच्या मुस्काटात मारली.

झुंबर गुडघ्यावर उठत म्हणाला, “आई, म्या घेतली न्हाय. वास घे तोंडाचा.”

“तुझा बाप बी हेच म्हणायचा,” धोंडाबाई म्हणाली आणि घरी निघून आली.

त्या दिवशी भाग्यश्री पहिल्यांदा सासूसमोर उभी राहिली. “आई, नवरा पिऊन आला का न पिता आला, हे बायकोला कळतं. त्यांना घोटभर पाणी गिळताना ठसका लागतो. सकाळी उठून मोरीपर्यंत जाताना चार वेळा भिंत धरतात. रात्रभर घरात झोपलेला माणूस पहाटे कुठून पिऊन येतो? मी यांना नाशिकला दाखवणार.”

“मी बी येते,” धोंडाबाई म्हणाली. तिला डॉक्टरच्या तोंडून ऐकायचं होतं. हा सगळा दारूचा खेळ आहे असं डॉक्टरनं एकदा सांगितलं की सूनही गप्प बसली असती.

नाशिकच्या त्या मोठ्या दवाखान्यात वेदिकाही होस्टेलवरून आली. मेंदूची डॉक्टर एक तरुण बाई होती. तिनं झुंबरला रेषेवर एका पावलाच्या अंगठ्याला दुसऱ्याची टाच लावत चालायला सांगितलं. दुसऱ्याच पावलाला तो कलला. स्वतःच्या नाकाला आणि मग तिच्या बोटाला बोट लावायला सांगितलं. बोट नाकाकडं जाताना थरथरत गालावर गेलं. डोक्याचा एमआरआय आधीच काढलेला होता. तो दिव्यावर धरून तिनं मागच्या बाजूची एक जागा दाखवली. इथं लहान मेंदू असतो, ती म्हणाली, तोल आणि हालचाली तोच सांभाळतो, आणि यांचा तो आकसत चाललाय.

“दारूनं?” धोंडाबाईनं विचारलं.

“हे पितात?”

“नाही,” भाग्यश्री आणि वेदिका एकदम म्हणाल्या.

“फार पिणाऱ्याचंही असं होऊ शकतं,” डॉक्टर म्हणाली, “पण यांच्याकडे बघून मला तसं वाटत नाही. हा आजार बऱ्याचदा घराण्यातून येतो. घरात आणखी कोणाला असा त्रास होता का? यांच्या वडिलांना?”

“न्हाय. ते दारूनं गेले,” धोंडाबाई म्हणाली.

“कसे चालायचे ते? आठवतं काही?”

वेदिकाच्या मनात काही वाईट नव्हतं. लहानपणापासून ती आजीचे कार्यक्रम बघत आली होती. ती म्हणाली, “आजी, तू दाखवतेस ना. दाखव की डॉक्टरांना.”

आयुष्यात पहिल्यांदा धोंडाबाईला चार माणसांसमोर उठायची भीती वाटली. पण डॉक्टर खुर्ची पुढं ओढून बसली होती. धोंडाबाईनं पदर खोचला आणि तपासणीच्या टेबलापासून दारापर्यंत सावळीराम चालून दाखवला. पाय फाकलेले. हात हवेत. डावीकडं झोक. तिनं टेबलावरची पाण्याची बाटली घ्यायला हात नेला, तो पुढं गेला, चाचपडत मागं आला. “धों... डे... पा... णी.”

कोणी हसलं नाही.

डॉक्टर उठली. बाजूच्या खोलीतून तिनं दोन शिकाऊ डॉक्टरांना बोलावून आणलं आणि धोंडाबाईला म्हणाली, “आजी, एकदा परत कराल? नीट बघा रे, पावलं कशी पडतात ते. बघा, हात वस्तूच्या पुढं जातोय.” धोंडाबाईनं पुन्हा करून दाखवलं. बाकावर झुंबर बसला होता, गळ्यात माळ, हात मांडीखाली दाबून धरलेले. आई जे करून दाखवत होती ते सगळं त्याच्या अंगात होतं, आणि ते दोघांनाही दिसत होतं.

“ही दारूची चाल नाही, आजी,” डॉक्टर सावकाश म्हणाली. “दारूची उतरते. ही उतरत नाही. सकाळी उठल्यावर कसे चालायचे ते?”

धोंडाबाईच्या नकलेत सकाळ कधी आलीच नव्हती. स्टेजवरचा सावळीराम नेहमी संध्याकाळीच घरी यायचा. आता तिला सकाळ आठवली. तोंडात राखुंडी, एका हातानं मोरीचा कठडा घट्ट धरलेला, आणि दुसऱ्या हातातला तांब्या डगमगतोय. चुलीपाशी बसून ती ते रोज बघत होती. रात्रीची अजून उतरली नाही, असं तेव्हा तिनं स्वतःला सांगितलं होतं.

“सकाळी बी तसंच,” ती म्हणाली आणि खाली बसली.

पुढं रक्त तपासायला बाहेरगावी पाठवलं, त्याचा निकाल आला, आणि डॉक्टरचं म्हणणं खरं निघालं. बापाकडून आलेला आजार. बरं करणारं औषध नाही. व्यायाम करायचा, पडायचं नाही, घास बारीक करून खायचा. आणि मुलांमध्ये? डॉक्टरनं वेदिकाकडं न बघता सांगितलं की प्रत्येक मुलाच्या बाबतीत छापा-काटा असतो. तिची तपासणी करता येईल, पण करायची की नाही हे तिनं ठरवायचं, घरच्यांनी नाही. वेदिका म्हणाली, “आत्ता नको.” ती एसटीत खिडकीशी बसली आणि पिंपळगाव येईपर्यंत तिकिटाची घडी घालत, उलगडत राहिली.

धोंडाबाई घरी आली ती बदलूनच. जेवण जाईना. झुंबरला ‘हा कर’ म्हणणं बंद झालं, पण त्याच्याकडं बघणंही होईना. एकदा त्याच्या खाटेशी बसून ती म्हणाली, “तुझा बाप पीत नव्हता रं झुंबऱ्या.” झुंबर म्हणाला, “शेवटी घेतली होती ना पण एकदोनदा.” तिला तेवढाच आधार धरून बसता आलं असतं. तिनं धरायचा प्रयत्नही केला, एक दिवस, दोन दिवस. मग तिच्या लक्षात आलं की बाकावर जाऊन बसायच्या आधी तो कितीतरी वेळा तिच्यासमोर तोंड उघडून उभा राहिला होता, आणि ती दर वेळी उठून आत गेली होती. हे दुःख कोणाला सांगणार? ज्या सावळीरामवर तिनं आपलं नाव उभं केलं, तो तसा कधी नव्हताच.

मार्चमध्ये महिला दिनाचा मेळावा ठरला, तोही तिच्याच गावात. दुकान पुन्हा उघडायची, त्यासाठी नव्यानं मतदान घ्यायची हालचाल चालू झाली होती, म्हणून या वेळी गर्दी जमवायची होती. चिमणाबाई आदल्या दिवशी आली. धोंडाबाईनं तिला सगळं सांगितलं आणि म्हणाली, “उद्या म्या हे माईकवर बोलणार हाय.”

चिमणाबाई हबकली. “आगं, येड लागलं का तुला? दुकानवाले टपून बसलेत. आडवी बाटलीवालीचा नवरा पीतच नव्हता म्हणल्यावर ते गावभर हसत्याल. दुकान उघडंल, पोरीबाळींचे संसार जातील. मेलेल्या माणसाला आता काय फरक पडतो?”

“मेलेल्याला नाय पडत,” धोंडाबाई म्हणाली. “झुंबऱ्याला पडतो. त्याला अजून या गावात राहायचंय.”

“मग नको येऊ उद्या. आजारी हाय म्हणून सांगते मी.”

धोंडाबाई गेली. शाळेच्या मैदानात मांडव होता आणि प्लास्टिकच्या खुर्च्या भरल्या होत्या. झुंबर शेवटच्या रांगेत भाग्यश्री आणि मेळाव्यासाठी आलेली वेदिका यांच्यामध्ये बसला होता. त्या तिघांच्या दोन्ही बाजूच्या खुर्च्या रिकाम्या ठेवून बायका बसल्या होत्या. धोंडाबाईचं नाव पुकारलं तेव्हा पुढच्या रांगेतल्या बायका आधीच पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. काय होणार ते त्यांना ठाऊक होतं.

ती चालली. नेहमीसारखी, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. हसू उसळलं. तांब्यातलं पाणी सांडलं तेव्हा टाळ्या पडल्या. नेहमी जिथं ती ताठ उभी राहायची तिथं ती या वेळी थांबली नाही. परत फिरली, पुन्हा चालली. पुन्हा. हसणं विरळ होत गेलं. कोणीतरी ‘आजी, बस की’ म्हणालं.

“ही चाल तुम्ही लय बघितली,” ती माईकजवळ येऊन म्हणाली. तिला धाप लागली होती. “ही दारूची न्हाय. मेंदूच्या दुखण्याची हाय. माझा मालक मला सांगत व्हता, म्या घेतली नाय, वास घे. म्या नाय घेतला. दाराला कडी घातली. बाटलीनं न्हाय खाल्लं त्यांना, म्या घालवलं. आन् वरून इतकी वर्सं तुम्हाला हसवलं. दुकान वाईटच हाय. आडवीलाच मत द्या. पण माझ्या मालकाचं नाव घेऊन नका देऊ. आन् तो मागं बसलाय तो माझा झुंबर. त्याला बी तेच दुखणं हाय. त्याच्या तोंडाचा वास म्या रोज घेतलाय. पोरगं शुद्ध हाय.”

पुढं काय झालं ते गावानं आपापल्या परीनं सांगितलं. दुकानवाल्यांनी हसून घेतलं, दोनचार बायका रडल्या, चिमणाबाई न थांबता दुसऱ्या वाटेनं घरी गेली. दुकानाचं काय होईल ते अजून कोणाला ठाऊक नाही. झुंबर मात्र उठला आणि खुर्च्यांच्या पाठी धरत धरत मधल्या वाटेनं स्टेजकडं आला. पहिल्यांदाच त्याच्या येण्याला वाट द्यायला बायकांनी पाय आत घेतले.

धोंडाबाई खाली उतरली आणि त्याच्या डाव्या अंगाला जाऊन चालू लागली. त्याचा झोक कितव्या पावलाला जाणार, खांदा कधी द्यायचा, हे तिला कोणी शिकवायची गरज नव्हती. इतकी वर्षं ती चाल तिच्या अंगात मुरलेली होती. भाग्यश्रीला किंवा दवाखान्यातल्या व्यायामाच्या बाईलाही जमलं नव्हतं इतकं ते तिला जमत होतं. घरापर्यंत झुंबर एकदाही पडला नाही.

वेदिका पुढं चालली होती, हातात मेळाव्यातला नारळ. उन्हं उतरली होती आणि पाटाकडेच्या वाटेवर तिची सावली लांब पडली होती. धोंडाबाईची नजर झुंबरच्या पावलांवरून उठली आणि पोरीच्या पावलांवर गेली. चपला टकटक वाजत होत्या. डावं, उजवं, डावं, उजवं. एका दगडाशी ती जराशी बाजूला झाली तेव्हा म्हातारीनं झुंबरचा दंड घट्ट धरला.

वेदिकानं मागं वळून पाहिलं नाही. पण तिनं विचारलं, “आजी, पावलं सरळ पडतायत ना गं?”

आजवर धोंडाबाईनं न बघताच खूप काही सांगितलं होतं. या वेळी तिनं उत्तर द्यायची घाई केली नाही. पाटाच्या वळणापर्यंत पोरीचं एकेक पाऊल तिनं नीट बघितलं, आणि मग म्हणाली, “सरळ हाय. चाल तू.”